खांबाची सावली बघितली का?

प्रश्न आपल्या सोलापुरातूनच आलाय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींचा कारखाना आहे, दोघे भाऊ मिळून चालवतात. ११ मेच्या दुपारची यार्डातली सीसीटीव्हीची क्लिप आहे, पडद्यावर वेळ १३:०५. पॅकिंग खात्यातला चौदा वर्षं जुना कामगार खांद्यावर गठ्ठा घेऊन गेटाकडे जाताना दिसतो. धाकटे भाऊ म्हणतात, चोरी पकडली. कामगार म्हणतो, एक वाजता मी चौघांबरोबर डबा खात होतो, क्लिप बनवलेली आहे. त्याची बाजू घेणारे तीन गोष्टी दाखवतात: माणसाला सावली नाही, गेटजवळ तो एकदम पाच-सहा फूट पुढे ‘उडतो’, आणि गठ्ठ्याच्या कडा चौकोनी तुकड्यांत फाटल्यासारख्या दिसतात. त्यात भाच्याने क्लिप एका वेबसाइटवर टाकली, तिने ‘८४ टक्के एआय’ असा निकाल दिला. थोरले भाऊ विचारतात, खरी की खोटी, एका शब्दात सांगा.

एका शब्दात नाही सांगता येणार, मालक. मी १९९८ पासून या धंद्यात आहे. दोन व्हीसीआर जोडून लग्नाच्या कॅसेटी कापल्या, मग कॅमेरे बसवले, आणि गेली बारा-एक वर्षं वकील मंडळी क्लिपा घेऊन दारात येतात. ‘खरी की खोटी’ या एका प्रश्नात तीन-चार प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात, आणि भांडणारे दोघं बहुतेक वेळा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. चित्रात काही चिकटवलंय का, मधलं काही कापलंय का, वेळ बरोबर आहे का, आणि दिसतो तो माणूस तोच आहे का. तुमच्या घरात हेच झालंय.

तुम्ही पाठवलेली क्लिप डीव्हीआरमधून, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या यंत्रातून, काढलेली नाही. मॉनिटरसमोर मोबाइल धरून कुणीतरी शूटिंग केलंय. मागे पंख्याचा आवाज येतो आणि एक जण म्हणतो, “काय लगा, सावलीच नाय की याला!” या वाक्यानेच सगळ्यांची नजर त्या माणसाच्या पायाशी बांधून टाकली. मी क्लिप थांबवून त्याच्या डाव्या हाताला बघितलं. तिथे तुमचा दिव्याचा लोखंडी खांब आहे, अंदाजे बारा फुटी. त्यालाही सावली नाही. समोरच्या ड्रमांनाही नाही. माणूस बाहेरून आणून चिकटवला असता, तर खांबाची सावली तरी जागेवर राहिली असती. ती का नाही, याचं उत्तर डोक्यावर आहे.

सोलापूरचा अक्षांश साधारण १७.७ अंश उत्तर. सूर्य उत्तरेकडे सरकत मेच्या दुसऱ्या आठवड्यात बरोबर आपल्या डोक्यावर येतो, आणि परतीच्या वाटेवर ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. ११ मे त्यातच बसतो. त्या दिवशी मध्यान्हीला उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली जाते. हे फूटेज जूनअखेरीचं किंवा डिसेंबरचं असतं, तर सावली नसण्याला मी लगेच दोषी धरलं असतं.

पण थांबा, मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं, आणि सोलापूर ७५.९ वर आहे. फरक ६.६ अंशांचा, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडे सव्वीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. मेच्या मध्यावर सूर्य स्वतः साडेतीन-चार मिनिटं पुढे असतो, ती वजा करा. त्या दिवशी सोलापूरची खरी मध्यान्ह १२ वाजून २२-२३ मिनिटांनी होती. १३:०५ला नाही. एक वाजून पाच मिनिटांपर्यंत सूर्य माथ्यावरून साधारण दहा अंश पश्चिमेला उतरलेला असतो, आणि बारा फुटी खांबाची सावली दोन फुटांहून थोडी जास्त, पूर्वेकडे पडायला हवी. ती क्लिपमध्ये नाही.

म्हणून माझा कयास असा आहे: चित्र खरं आहे आणि घड्याळ खोटं आहे. तुमचा डीव्हीआर चाळीसएक मिनिटं पुढे चाललाय. त्याच्यातलं घड्याळ म्हणजे एक साधा स्फटिक, तो दिवसाला दीड-दोन सेकंद चुकतो. वर्षाला दहाएक मिनिटं. तुम्ही लिहिलंय की यंत्र बसवून चार वर्षं झाली, आणि इंटरनेटला जोडलेलं नाही, म्हणजे वेळ आपोआप दुरुस्त व्हायची सोयच नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या केबिनमध्ये ठेवलेलं यंत्र तर आणखी भरकटतं. चार वर्षांत चाळीस मिनिटं, हिशेब जुळतो. अर्थात बसवताना कुणी वेळ चुकीची टाकली असेल, तरी हेच दिसेल.

सावलीवरून नेमका मिनिट काढता येत नाही, हेही लिहून ठेवा. खांबाची जाडी आणि मोबाइलवरून घेतलेलं चित्र धरता मी सव्वाबारा ते साडेबारा इतकंच म्हणेन. पण एवढ्यावरही तुमच्या भांडणाचं रूप बदलतं. कामगार एक वाजता डबा खात असू शकतो, आणि क्लिपमधला माणूसही तोच असू शकतो.

आता उडीबद्दल. हे मी फ्रेम-फ्रेम करून पाहिलं. एका फ्रेमवर घड्याळ १३:०५:४१, माणूस वॉचमनच्या केबिनपाशी. पुढच्याच फ्रेमवर १३:०५:४३, माणूस गेटाशी. म्हणजे माणसाबरोबर घड्याळही उडालंय. दोन सेकंद गेले आणि पाच-सहा फूट गेले. गठ्ठा घेतलेला माणूस सेकंदाला तीनेक फूट चालतो. घड्याळ सलग चालू आणि माणूस मात्र उडाला, असं असतं तर मी खुर्चीत सावरून बसलो असतो. इथे दोन सेकंदांचं रेकॉर्डिंगच नाही, एवढंच म्हणता येतं. ते का नाही, हे मात्र यंत्रच सांगेल. बहुतेक कारखान्यांत जागा वाचवायला रेकॉर्डिंग मोशनवर ठेवलेलं असतं, हालचाल दिसली तर सुरू, थांबली तर बंद. आणि गेटचा पट्टा आम्ही लोक मुद्दाम मोशनमधून वगळतो, नाहीतर रस्त्यावरच्या प्रत्येक टेम्पोला डीव्हीआर जागा होतो. माणूस त्या पट्ट्यात शिरला की यंत्राच्या लेखी यार्ड रिकामं. तुमच्याकडे तसं आहे का, ते मेनूत एका मिनिटात दिसेल. हार्डडिस्क म्हातारी झाली असेल तरी अशी खिंडारं पडतात. आणि हो, कुणी दोन सेकंद कापलेलेही असू शकतात. माझ्यासमोरच्या मोबाइलच्या क्लिपवरून या तिन्हींत फरक करता येत नाही.

हे इतक्या ठामपणे सांगतो, कारण याच जागी मी एकदा तोंडावर आपटलोय. एका अपार्टमेंटमधलं प्रकरण होतं, जिन्यातल्या मारामारीचं. मला सीडी दिली. सीडीत चार ठिकाणी उडी. मी टेबलावर बसून लिहून दिलं, ‘चित्रफितीत चार ठिकाणी काटछाट आढळते.’ उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी एकच विचारलं, “मूळ मशीन पाहिलंत का?” नाही म्हणालो. मग त्यांनी डीव्हीआरच्या सेटिंगचं पान पुढे सरकवलं. मोशन चालू. चारही उड्यांच्या जागी जिना रिकामा होता आणि रेकॉर्डिंग आपोआप थांबलं होतं. ज्या माणसाचा बचाव माझ्या त्या ओळीवर उभा होता, तो जिन्याने माझ्याकडे न बघता उतरला. तेव्हापासून नकलेवर लेखी मत देत नाही, फी कितीही असो.

चौकोनी तुकड्यांचा विषय लवकर संपतो. डीव्हीआर प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. दर एक-दोन सेकंदांनी एक पूर्ण चित्र, आणि मधल्या फ्रेमांत फक्त काय बदललं ते. हे काम व्हिडिओ दाबून साठवायच्या एच.२६४ पद्धतीत १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकोनांत चालतं. स्थिर फरशीचा चौकोन आधीच्या फ्रेमवरून तसाच उचलला जातो, हलणाऱ्या गठ्ठ्याचा नव्याने लिहावा लागतो. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवायची तो आकडा, कमी ठेवला असेल तर हलणाऱ्या वस्तूच्या कडेला ही चौकट उघडी पडते. मग मॉनिटरवरून मोबाइल, मोबाइलवरून व्हॉट्सअॅप, प्रत्येक ठिकाणी पुन्हा दाबादाबी. चहा तिसऱ्यांदा उकळला की कुठल्या दुकानाची पत्ती होती ते कळत नाही, तसं.

एक आणखी सांगून ठेवतो, तुमच्या प्रश्नात नाही पण आपल्या गावात हमखास निघतं. रात्रीच्या क्लिपमध्ये ‘मी काळा शर्ट घातला होता, हिच्यात पांढरा दिसतोय, म्हणजे खोटी’ असा वाद येतो. रात्री कॅमेरा इन्फ्रारेडवर जातो, आणि कापडाचे बरेचसे रंग त्या प्रकाशाला दिसतच नाहीत. काळा शर्ट राखाडी-पांढरा होतो, आणि चादरीवरची नक्षी गायब होते. एकदा एका मालकाने स्वतःचीच चादर ओळखली नव्हती.

आता भाच्याचे ८४ टक्के. त्याला रागावू नका, पोरगं धडपडं आहे. पण असले तपासनीस प्रोग्रॅम प्रामुख्याने जवळून घेतलेल्या, स्पष्ट चेहऱ्यांवर शिकलेले असतात. तुमचा कॅमेरा २.८ मिलिमीटर लेन्सचा, म्हणजे रुंद पट्टा टिपणारा, १०८०पी. माणूस चाळीस फुटांवर. त्या अंतरावर एका मीटरला साधारण ६५-७० पिक्सेल मिळतात, म्हणजे चेहऱ्याच्या वाट्याला आडवे दहा-अकरा. त्यात डोळे कुठले आणि ओठ कुठले? वर ती मॉनिटरची मोबाइलने घेतलेली नक्कल, तिच्यावर पडद्याच्या लाटा. प्रोग्रॅमने त्या लाटांनाच एआय म्हटलं असेल तर मला नवल वाटणार नाही. ८४च्या जागी १२ आला असता, तरी मी तो धरला नसता.

याच आकड्यात तुमच्या धाकट्या भावांसाठीही एक गोष्ट आहे. सीसीटीव्हीच्या मानकांत अनोळखी माणसाची ओळख पटवायला मीटरला २५० पिक्सेल धरतात, आणि ओळखीचा माणूस ओळखायला १२५. तुमच्याकडे त्याच्या निम्मे आहेत. तुम्ही त्याला चालीवरून आणि शर्टावरून ओळखताय, चेहऱ्यावरून नाही. चौदा वर्षं रोज बघितलेली चाल ओळखू येते, मान्य. पण ‘क्लिपमध्ये स्पष्ट दिसतोय’ असं पोलिसांत लिहून देऊ नका.

खरंच बनवलेले व्हिडिओ असतात, आणि ते दिवसेंदिवस चांगले होतायत. २०१८ साली संशोधकांनी दाखवलं होतं की नकली चेहरे पापण्या नीट मिटत नाहीत. थोड्याच काळात नकली चेहरे पापण्या मिटायला लागले. म्हणून ‘या पाच खुणांवरून फेक ओळखा’ छापाच्या यादीवर मी विसंबत नाही, ती यादी फेक बनवणाराही वाचतो. नोव्हेंबर २०२३मध्ये रश्मिका मंदानाचा लिफ्टमधला व्हिडिओ फिरला. तो खोटा ठरला तो कुणा यंत्राच्या टक्क्यांनी नव्हे. दुसऱ्याच बाईचा ऑक्टोबरमध्ये टाकलेला मूळ व्हिडिओ सापडला, आणि नकलेच्या पहिल्या क्षणी तिचा मूळ चेहरा दिसत होता. मूळ हाती लागलं, वाद मिटला.

उलट उदाहरण आफ्रिकेतल्या गॅबॉनचं. तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अली बोंगो २०१८च्या ऑक्टोबरात आजारी पडले, महिनोन्‌महिने देशात दिसले नाहीत. नव्या वर्षाला त्यांचा भाषणाचा व्हिडिओ आला. चेहरा ताठ, डोळे विचित्र, एक हात निश्चल. लोक म्हणाले डीपफेक. ७ जानेवारी २०१९ला काही सैनिकांनी बंडाचा प्रयत्नही केला. पुढे तपासणाऱ्यांना तो व्हिडिओ बनावट असल्याचं सिद्ध करता आलं नाही. बोंगोंना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता आणि चेहऱ्याच्या ताठरपणाला तेवढं कारण पुरेसं होतं. ‘फेक’ हा शब्द एकदा हवेत सुटला की खरं चित्रही आरोपी होतं. तुमच्या यार्डात शून्य सावलीने तेच केलं.

कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०२४पासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय. पूर्वीचं कलम ६५ब, आता ६३. फूटेजची नक्कल कोर्टात द्यायची तर दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचं, दुसरं तज्ज्ञाचं, आणि त्यात फाइलचं हॅश लिहायचं. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. तो काढायच्या एसएचए-२५६ या पद्धतीचा ठसा ६४ अक्षरांचा असतो, फाइलमध्ये एक बिट हलला तरी सगळा बदलतो. इथेही गल्लत होते. हॅश घेतल्यानंतर फाइल बदलली नाही एवढंच तो सांगतो, त्याआधी काय झालं याबद्दल तो मुका आहे. आणि व्हॉट्सअॅपवरच्या नकलेचं हॅश मूळ फाइलशी कधीच जुळणार नाही, म्हणून ती ‘फेक’ ठरत नाही.

या विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १४ जुलै २०२०चा महत्त्वाचा निकाल जालन्याच्या प्रकरणातला आहे, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हा वाद होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचा. चित्रात कोण आहे यावर भांडण नव्हतं. भांडण घड्याळाचं आणि प्रमाणपत्राचं होतं. मूळ यंत्रच मालकाने कोर्टात हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही, नकलेला मात्र ते हवंच, असं कोर्टाने तेव्हा सांगितलं.

तर आता करायचं काय. आज कारखान्यात गेल्यावर आधी डीव्हीआरच्या पडद्याशेजारी मोबाइल धरा, दोन्ही घड्याळं सेकंदांसकट एकाच फोटोत येऊ द्या. फोटो दुसऱ्या मोबाइलने, दोघा भावांसमोर काढा. कुणीही वेळ ‘दुरुस्त’ करायची नाही. कॅमेरेवाल्याला बोलावलंत की तो पहिलं तेच करतो, भल्या हेतूने, आणि माझी वर केलेली सगळी आकडेमोड पुसून टाकतो. माझा अंदाज पस्तीस ते पन्नास मिनिटांचा आहे. फोटोत फरक दोन मिनिटांचा निघाला, तर माझा कयास कचऱ्यात टाका आणि मला फोन करा, मग प्रकरण वेगळं आहे.

फोटोनंतर मोशनचं सेटिंग आणि लॉग, म्हणजे यंत्राची स्वतःची नोंदवही, यांचेही फोटो. मग मेनूतून यंत्र बंद करून हार्डडिस्क काढा, पाकिटात घाला, वर दोघांच्या आणि कामगाराच्याही सह्या घ्या. यंत्रात नवी डिस्क टाका, म्हणजे कारखाना उघडा पडणार नाही. जुनी डिस्क कॉम्प्युटरला जोडू नका. विंडोजला डीव्हीआरची भाषा कळत नाही, ते विचारतं ‘फॉरमॅट करू का’, आणि कुणीतरी हो दाबतं. मी हे दोनदा पाहिलंय.

हे उद्यावर टाकू नका. तुमची डिस्क १ टीबीची, कॅमेरे आठ. प्रत्येकी सेकंदाला १ मेगाबिट धरला तर दिवसाला ८६ जीबी जातात, साडेअकरा दिवसांत डिस्क भरते आणि सर्वात जुन्यावर नवं चढायला लागतं. क्लिप ११ मेची, तुमचा निरोप २० मेचा. मोशनवर असेल तर जास्त दिवस पुरेल, पण त्या भरवशावर राहू नका.

आणि चलनाचं पुस्तक काढा. ११ मेला सव्वाबारा ते साडेबाराच्या सुमारास शिलाईला किंवा धुलाईला एखादा गठ्ठा बाहेर गेल्याची नोंद आहे का, ते बघा. धाकट्या भावांना शेजारी बसवूनच बघा.